एक खोका कमी

“तिचं काही टेन्शन नाही बाप्पा. ट्रंकेसारखी आहे पोरगी. जिथं ठेवली तिथं बसते.”

बाबा हॉलमध्ये नागपूरच्या आत्याशी फोनवर बोलत होते. मी आतल्या खोलीत खोक्यांवर मार्करने नंबर टाकत होते. बाबा लाडानंच म्हणाले होते, तरी लागलं. मी मार्करचं टोपण लावलं, पुन्हा काढलं आणि पुढच्या खोक्यावर एकोणीस लिहिलं.

बाबांची नोकरी केंद्र सरकारची. दर बदलीला सामानाची यादी मी करते. नंबर, आत काय आहे, कोणाचं आहे. झाशीहून निघताना केली, जबलपूरहून केली, आता चंदीगडहून. या वेळची बदली नागपूरला होती, म्हणजे आईबाबांच्या दृष्टीनं घरीच. माझं कॉलेज नुकतंच संपलं होतं, त्यामुळे मीही जाणार हे कुणी वेगळं बोललंसुद्धा नव्हतं.

आणि माझ्या मेलमध्ये तीन दिवसांपासून चंदीगडला लागून असलेल्या मोहालीतल्या एका कंपनीचं ऑफर लेटर पडून होतं. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

कॉलेजमध्ये आलेल्या दोन कंपन्यांच्या ग्रुप डिस्कशनमध्ये मी बाद झाले होते. दुसऱ्या वेळी समोरच्या बाई म्हणाल्या, “बेटा, कुछ तो बोलो,” आणि मी पाण्याची बाटली उघडली. मोहालीत मात्र कुणी बोलायला लावलं नाही. तिथल्या मॅडमनी एक ॲप उघडून लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला, यात काय काय चुकतंय ते लिही म्हणाल्या आणि चहाला गेल्या. त्या परत येईपर्यंत माझं दीड पान झालं होतं. कालच्या तारखेचं बुकिंग घेतलं जातंय. मागे गेलं की भरलेला पत्ता पुसला जातोय. त्यांनी उभ्या उभ्याच वाचलं आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला म्हणाल्या, “यार, ये तो हमें भी नहीं पता था.” घरी येताना ऑटोत मी एकटीच हसत होते.

राहायची सोयही होती. मोहालीजवळच्या खरड गावात वर्गातल्या एका मैत्रिणीच्या फ्लॅटमध्ये एक पलंग रिकामा होता. फक्त घरी सांगायचं उरलं होतं, आणि तेच जमत नव्हतं. शेवटी मी एवढंच केलं की यादीत माझं सामान लिहिलं नाही. पुस्तकं, रजई, हिवाळ्याचे कपडे, सगळं कपाटात होतं तसंच ठेवलं.

शनिवारी संध्याकाळी बाबा यादी घेऊन बसले. बोट फिरवत शेवटच्या ओळीपर्यंत आले आणि पुन्हा वर गेले.

“सत्तावीस. तुझा खोका कुठं आहे?”

“राहिला असेल लिहायचा,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

“हिचं राहत नाही. झाशीला हिनं चमचेसुद्धा मोजून लिहिले होते.”

आईच्या लाटण्याचा आवाज थांबला. विसरले म्हणणं अगदी सोपं होतं. अडचणीत सापडले की माझ्या तोंडून इंग्रजी निघतं. शाळेत लागलेली सवय. इंग्रजीत बोललं की आपण बोललोच नाही असं वाटतं. ‘सॉरी, आय फर्गॉट’ अगदी ओठांवर होतं. तेवढं म्हटलं असतं तर रात्रीपर्यंत अठ्ठाविसावा खोका भरून झाला असता.

बाबांनी चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं, मग आतल्या खोलीच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या कपाटाकडे. त्यांनी यादी टेबलावर ठेवली आणि पायानं शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

“बस,” ते म्हणाले. “काय ते बोल.”

मी बसले नाही. बसले असते तर पुन्हा धीर झाला नसता.

“बाबा, माझं सामान जाणार नाहीये. मला मोहालीत नोकरी मिळाली आहे, आणि मला ती करायची आहे.”