ओव्हरसिअरकाका आणि मनूचं पोट

लहान मुलांच्या पोटाबद्दल आमच्या शेजारच्या ओव्हरसिअरकाकांइतकं निःसंकोच बोलणारा माणूस सिल्वासात दुसरा झाला नाही. लोक एकमेकांना ऊनपाण्याचं विचारतात, काका कडेवरच्या मुलाकडे बघून आईला विचारत, "पोट साफ झालं का याचं?" लग्नाच्या पंगतीतही विचारत. वापीच्या बसमध्ये एकदा समोरच्या बाईच्या मांडीवरलं पोर बिस्किटांचा पुडा संपवत होतं, तर काकांनी तिला सगळा मैदा आतड्यात कसा बसतो ते हातवारे करून समजावलं. ती बिचारी अथालला उतरायची ती आधीच्याच थांब्यावर उतरली. रस्ते आणि गटारं बांधण्यात जन्म गेल्यामुळे त्यांची भाषाही तीच होती. "पाणी कमी, माल जास्त, मग लाइन चोक होणारच," असं ते अगदी गंभीरपणे सांगत. कॉलनीतले लोक त्यांना पाहून हसत आणि मुलं आजारी पडली की गुपचूप त्यांचंच दार वाजवत.

नव्वद सालच्या आसपास आम्ही त्या सरकारी कॉलनीत राहायला आलो. मी शाळेत शिकवत होते, नवरा फॅक्टरीत पाळीवर. घरात मोठं बाईमाणूस नव्हतं. मुलगी मनू तीन वर्षांची, आणि तिला शी करायचीच भीती बसली होती. एकदा खूप दुखलं होतं, तेव्हापासून ती कपाटामागे जाऊन चवड्यांवर उभी राहायची, लालबुंद व्हायची आणि आवरून धरायची. डॉक्टरांनी नीट तपासलं, काळजीचं काही नाही, खाणं बदला, म्हणाले. पण मनू दूध आणि बिस्किटं सोडून कशालाही तोंड लावत नव्हती. एका दुपारी ती रडत होती आणि तिच्याबरोबर मीही. भिंतीपलीकडे ते ऐकू गेलं असणार, कारण काका दारात येऊन उभे राहिले.

"दूध किती पिते?"

"मागेल तेवढं देते. दुसरं काही खातच नाही."

"तिथंच तुंबलंय. पोट दुधानं भरलं तर भाजी कुठं जाईल? आणि रागावू नका तिला. ती हट्ट करत नाहीये, घाबरलीय."

दुसऱ्या दिवसापासून काका रोज सकाळी येऊ लागले. दूध जेवणानंतर, तेही लहान कपात. मधूनमधून पाणी. पालक घालून केलेलं पातळ वरण, त्यात कुस्करलेली भाकरी. रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका सकाळी बोटांनी चिरडून. न्याहारीनंतर तिला पॉटवर बसवायचं, पायाखाली पाट द्यायचा, आणि झालं नाही तर काही न बोलता उठवायचं. रांध्याहून पपया घेऊन येणारी एक बाई बाजारात बसे. तिच्याकडून पिकलेली पपई आणून काका आमच्या फरशीवर मांडी घालून बसत आणि मनूकडे न बघता एकेक फोड खात. काकांना पपईचा वासही सहन होत नसे, हे मला नंतर कळलं. डोळे मिटून ते अशी काही मान डोलवत की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मनूनं त्यांच्या ताटलीतली फोड उचललीच.

असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी, न रडता, झालं. काका बाहेर पायरीवर थांबले होते. मी खिडकीतून सांगितलं तर ते रुमालानं तोंड पुसत राहिले. संध्याकाळी त्यांनी कॉलनीभर पेढे वाटले. समोरच्या गुजराती बेननी विचारलं, "पेंडा शेना छे, काका?" पेढे कशाचे, ते काकांनी सांगितलं. बेननी पेढा हातातच धरून ठेवला.

मनू सुधारली आणि काकांचं येणं थांबलं. विचारायला काही उरलं नव्हतं. मीच एकदा त्यांची ताटली परत द्यायला गेले. जेवायची वेळ होती. काका चहात टोस्ट बुडवून खात होते. ओट्यावर एक पातेलं, एक पेला.

"हे जेवण तुमचं?" मी विचारलं.

"एकट्यासाठी कोण भाजी निवडत बसणार?" ते ओशाळून म्हणाले. मग हातातला टोस्ट बशीत ठेवत, "आमच्या पोराचंही असंच होतं. तेव्हा इथं कोणी नव्हतं, म्हणून ही त्याला घेऊन आईकडे दापोलीला गेली. तिथं त्याचं बरं झालं. मग शाळा तिथंच घातली. मग राहिलीच ती दोघं. त्याचं पोट साफ झालं त्या दिवशी मी दुधनीला रस्त्याच्या कामावर होतो. आठवड्यानं निरोप मिळाला."

मी ताटली ठेवली. "उद्यापासून रात्री आमच्याकडे जेवायला या," म्हटलं. नको नको म्हणत ते आले, आणि मग रिटायर होईपर्यंत येत राहिले. मनू त्यांना पालक वाढायची आणि संपेपर्यंत समोरून हलायची नाही.

ते जायला निघाले तेव्हा मनू शाळेत जाऊ लागली होती. आम्ही त्यांना बसपर्यंत सोडायला गेलो. मुलगा कुठं असतो, मी विचारलं. "तो पुण्याला. दापोलीला आता आम्ही दोघंच," काका म्हणाले. "इतक्या वर्षांनी घरात काय बोलायचं, तेच कळत नाहीये."

बस हलली. खिडकीतून ते मनूला हात करत होते. ती केव्हाच बोरांच्या गाडीकडे वळली होती. मग मीच हात केला, बस वळणाआड जाईपर्यंत.