चौदाची पाऊणकी

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी रोह्यात राहायची आणि पेणजवळच्या खाडीकाठच्या एका शाळेत भूगोल शिकवायला रोज एसटीने जायची. माहेर घाटावरचं, त्यामुळे खाडी मला ठाऊक होती ती एसटीच्या खिडकीतून.

रोह्याला स्टेशनजवळच्या एका गाळ्यात इंटरनेट आलं आणि पहिल्याच आठवड्यात मी तिथे जाऊन बसले. फोनची लाइन लागेपर्यंत खरखर चालायची, चित्र वरून खाली बोटबोटभर उतरायचं. तिथून ज्वालामुखी छापून नेला की आठवीचा वर्ग कागदावर तुटून पडायचा. मी मुळातच हट्टी, त्यात हा छापील पुरावा हाती. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं!

एकदा ठरवलं, मुलांना ओहोटीच्या वेळी खाडीत उतरवायचं, तिवरांची झाडं आणि खेकड्यांची बिळं दाखवायची. वेळाही इंटरनेटवरूनच छापून आणल्या आणि ऐटीत फळ्यावर लिहिलं : मंगळवार, पूर्ण ओहोटी सव्वाअकरा.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिच्या घरचे मिठागरात कामाला होते.

"बाई, तवा तर पानी भरलेलं असंल."

"कशावरून?"

"मंगलवारी चौदस हाय. चौदाची पाऊनकी साडेधा. साडेधाला भरती."

वर्ग खो खो हसला. गणिताच्या तासाला हिला पाऊण म्हणजे किती ते सांगता येत नसे, आणि इथे तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून, चौदाचे साडेदहा, ती मला समुद्र शिकवत होती. माझं डोकं फिरलं.

"हे शास्त्रज्ञांनी काढलंय. तुला एवढं कळतं ना? मग मंगळवारी तू घरीच बस."

ती खाली बसली. फळा पुसेपर्यंत मी ते विसरलेसुद्धा.

मंगळवारी नऊच्या सुमारास मुलांची रांग घेऊन बांधावर पोचले. खाली तिवरांत चिखल उघडा होता. मला वाटलं, पाणी उतरतंय. तेवढ्यात एक माणूस वाट अडवून उभा राहिला. त्या मुलीचा बाप.

"पोरांना खाली उतरवू नका, बाई. पानी चढतंय."

मी कागद काढला. त्याने तो पाहिलाही नाही.

"पोरीनं धाडलंय मला. बोलली, बाई माजं ऐकनार नाय, तू जाऊन उभा रहा. अर्धा घंटा थांबा, मंग काय ते करा."

तणतणत थांबले. अर्ध्या तासात चिखल दिसेनासा झाला. जिथे मी मुलांना बिळं मोजायला बसवणार होते, तिथे माझ्या कमरेइतकं पाणी आलं. मुलांना गंमत वाटत होती. मी त्यांची डोकी दोनदा मोजली.

शाळेत येऊन कागद पुन्हा वाचला. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं : सर्व वेळा ग्रीनिचच्या. भारत ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, हे दरवर्षी मुलांकडून घोकून घेणारी मीच. साडेपाच तास मिळवले तर ओहोटी थेट पावणेपाचला येत होती. म्हणजे इंटरनेटही बरोबर होतं आणि पोरगीही. वर्गात चुकलेलं माणूस एकच होतं, आणि ते खुर्चीवर बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिला उभं केलं आणि म्हटलं, "माझं चुकलं. तुझ्यामुळे ही मुलं वाचली."

ती पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिली. मला वाटलं, रागावली असेल. तसा तिला हक्कच होता. मग हळूच म्हणाली, "बाई, मंग आता परत सहल काढाल? मी पन येईन."

खाडी तिच्या दाराला लागून होती. जन्मल्यापासून ती रोज पाहत होती, पण वर्गाच्या रांगेत उभी राहून एकदाही नाही.