आईचा पहिला पिच्चर

हळद शिजल्याचा वास आला की मला हिंगोलीचं टॉकीज आठवतं. मी तेव्हा शाळेत होते. आई आणि तिच्या लेकरांवरचा एक जादूचा विनोदी पिच्चर लागला होता आणि तो आईला दाखवायचाच, असं ताईनं ठरवलं.

"हळद शिजून राहिली, मी कशी येऊ?" आई म्हणाली.

"कढईपाशी बाबा हायेत. तू चल." ताईनं तिचा हात सोडलाच नाही. ताई एवढी हट्टाला का पेटली होती, ते मला स्वतः आई झाल्यावर कळलं.

पडद्यावरची आई गायब झाली आणि लेकरांनी भाकरी करपवल्या. आमची आई आधी तोंडाला पदर लावून हसली. मग पदर सुटला, तरी हसतच राहिली.

परतताना जीपमध्ये ती म्हणाली, "त्या लेकरांना आई कळायला जादू लागली. माझ्या पोरींना न्हाई लागली."