भिंतीला टेकलेले काका

जपानहून परत येऊन वर्ष होत आलं. इथं छत्रपती संभाजीनगरात कुणी विचारलं, की तिथं काय केलंस, तर मी ऑफिसचं सांगून मोकळी होते. दर रविवारी मी तिथं नाचायला जायचे, हे फक्त आईला ठाऊक आहे.

फुकुओकात माझ्या खोलीच्या खाली नूडल्सचं छोटं दुकान होतं. दुकानदार साठीचे, अबोल. मी मासे खात नाही हे कळल्यावर त्यांनी माझ्यापुरता समुद्री शेवाळाचा वेगळा रस्सा करायला सुरुवात केली. विचारलं नाही, सांगितलं नाही. एक दिवस वाडगा पुढं आला, एवढंच. मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणायला लागले. त्या अख्ख्या शहरात आपलं म्हणावं असं माणूस मला तेवढंच होतं.

आणि हे काका रविवारी दुपारी दुकान बंद करून नेमके त्याच तळघरात यायचे, जिथं मी जायचे. तिथं एकजण यंत्रांच्या पसाऱ्यावर वाकून इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवायचा. शब्द नाहीत, चाल नाही, नुसता ठोका. तो तळपायातून वर चढायचा. काकांना तिथं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच फुटलं. इस्त्रीचा शर्ट घालून, भिंतीला टेकून, डोळे मिटून उभे. मान तेवढी जराशी हलत होती.

बाकीचे नाचायचे, पण सगळे वाजवणाऱ्याकडं तोंड करून, आपापल्या जागी, कुणाचा कुणाला धक्का न लागता. आईला फोनवर हे सांगितलं तर तिला काही केल्या पटेना.

"एकट्या एकट्यानं नाचत्यात? आन् ते दुकानवाले नुसतेच उभे? तू वढलं नाय त्यांना?"

"आई, इथं तसं करत नाहीत."

"काय करत नाहीत? माणूस उभं दिसलं तर हाताला धरून आणावं. लई शिकलीस व्हय तू!"

आमच्या फुलंब्रीकडच्या वरातीत असंच चालतं. कडेला उभा राहिलेला पाहुणा मुळात कुणीतरी ओढावं म्हणूनच उभा असतो. तो नको नको म्हणतो, त्याला ओढतात, आणि मग तोच सगळ्यांत जास्त नाचतो. नाही ओढलं तर रुसतो, आणि नव्या जोडप्याच्या मुलाच्या बारशापर्यंत बोलून दाखवतो.

तर पुढच्या रविवारी मी सरळ गेले आणि काकांचं मनगट धरून त्यांना मधोमध आणलं.

ते नको म्हणाले नाहीत. नाचलेही नाहीत. ताठ उभे राहिले, माझ्या हाताकडं बघत. आजूबाजूच्यांनी नजरा दुसरीकडं वळवल्या. मग त्यांनी हळूच हात सोडवून घेतला, कमरेत वाकून नमस्कार केला आणि जिना चढून निघून गेले. वरातीतली अक्कल मी कुठं पाजळली होती!

दुसऱ्या दिवशी दुकानात जायची हिंमत झाली नाही. त्यानंतरही नाही. मी मागच्या जिन्यानं ये-जा करायला लागले, ब्रेडवर दिवस काढले. होतं ते एकुलतं एक माणूस मी घालवलं होतं, आणि तेही मायेपोटी. आईवरसुद्धा चिडले.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनीच मला मागच्या जिन्यात गाठलं. हातात झाकलेला वाडगा. मी माफीची पाठ केलेली वाक्यं घडाघडा म्हणून टाकली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

मग म्हणाले, "राग नव्हता आला. बायको गेल्यापासून माझा हात कुणी धरला नव्हता. सगळ्यांसमोर रडू फुटलं असतं, म्हणून गेलो."

वाडगा माझ्या हातात देऊन ते खाली गेले. मी तिथंच पायरीवर बसले. आठवून बघितलं. ऑफिसात सगळे लांबूनच वाकायचे, दुकानात सुटे पैसेसुद्धा ताटलीत ठेवून द्यायचे. जपानला यायला घरून निघताना स्टेशनवर आईनं माझा हात सोडला, त्यानंतर मलाही कुणाचा स्पर्श झाला नव्हता, काकांच्या त्या मनगटाखेरीज. वाडगा मांडीवर धरून मी रडले, आमच्या दोघांसाठी.