पैसे देऊन पोती उचलणारे

आमच्या हॅम्बर्गच्या ग्रुपमध्ये कुणी जिम लावली की पहिल्या आठवड्यात फोटो येतात, दुसऱ्या आठवड्यात दुखणी येतात आणि त्यानंतर नुसते किस्से. वजन तेवढं जागचं हलत नाही! आमच्याकडे तर आता इतके किस्से साठलेत की कुणाकडे जेवायला गेलं की पानं वाढायच्या आधी फर्माईश होते, "ए, तो लार्सचा सांग ना!"

लार्स म्हणजे आमचा कोच. वय सव्वीस, दंड माझ्या मांडीएवढे आणि स्वभाव बालवाडीच्या बाईंचा. बंदराजवळच्या एका जुन्या गोदामात त्याचा क्लास चालतो. आरसे नाहीत, मशीन नाहीत, धड खुर्चीसुद्धा नाही. सगळ्यांनी मिळून एकाच वेळी एकच व्यायाम करायचा आणि एकमेकांना टाळ्या द्यायच्या. काहीच नसलेल्या जिमचे पैसे सगळं असलेल्या जिमपेक्षा जास्त का, हे मला अजून कळलेलं नाही.

जाणारे आम्ही चौघं. मी, माझा नवरा शिरीष, माझी मैत्रीण केतकी आणि एका इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन करणारा नागपूरचा प्रशांत.

*

केतकी ऑफिसात खरेदी बघते. समोरच्याकडून काही सुटल्याशिवाय तिला सही करवत नाही. पहिल्याच दिवशी तिने लार्सला गाठलं.

"आम्ही चौघं एकदम येतोय. ग्रुप डिस्काउंट काय देशील?"

लार्सने प्रामाणिकपणे विचार केला. "आल्झो... म्हणजे बघ... हा ग्रुप क्लासच आहे. ग्रुप त्यात धरलेलाच आहे!"

काहीही न सुटता केतकीने सही केलेली मी पहिल्यांदा पाहिली.

*

आता आम्ही त्यात का पडलो, ते सांगते. हौस म्हणून नाही. शिरीषची शुगर गोळ्यांना दाद देत नव्हती. आमच्या डॉक्टरीणबाई एरवी पावसापाण्यावर बोलणाऱ्या, पण त्या दिवशी चष्मा काढून म्हणाल्या, "उन्हाळ्यापर्यंत बघते. नाहीतर इन्सुलिन."

शिरीषने बाहेर येऊन विनोद केला. पण त्याच्या वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, डावा पाय शुगरपायीच गुडघ्याखाली गेला. शिरीष तेव्हा कॉलेजात होता. आजही रात्री मोजे काढले की तो पायाची बोटं एकेक करून बघतो, आणि मी बघतेय असं दिसलं की खाजवल्यासारखं करतो. मला फार भीती वाटते. म्हणून पैसे भरले. बाकी कुणी विचारलं तर मी "सहज" म्हणते.

आणि ज्याच्यासाठी भरले, तो रोज नवीन कारण शोधायचा! "आज पाऊस आहे गं." हॅम्बर्गमध्ये!

*

प्रशांतचं मात्र उलटं. एकही दिवस खाडा नाही. भर पावसात सायकल हाणत यायचा, टाळ्याबिळ्या देऊन अर्ध्या तासात गायब व्हायचा. आम्हाला वाटलं, काय निष्ठा आहे!

एकदा लार्सनेच विचारलं, "प्रशांत क्लासच्या मध्येच कुठे जातो?"

शोध घेतला, तर साहेब शॉवरखाली! चांगले वाफाळत, गाणी म्हणत. बाहेर आल्यावर त्याने शांतपणे खुलासा केला, "माझ्या घरी गरम पाण्याचं बिल वेगळं येतं. इथे इनक्लूडेड आहे. आणि सायकलिंगचा व्यायाम तर मी येतानाच केलेला असतो ना!"

आमच्या चौघांत ज्याचे पैसे पहिल्या महिन्यापासून वसूल झाले, असा हा एकटाच.

*

मग लार्सने शिरीषसाठी खास न्यूट्रिशन कोचिंग सुरू केलं. त्याचे पैसे अर्थातच वेगळे. जे खाल ते आधी ॲपवर लिहायचं, मग फोटो टाकायचा, मग लार्स उत्तर देणार.

पहिल्याच आठवड्यात शिरीषने लिहिलं, "उद्या दिवसभर फास्टिंग." लार्स हरखला. "सुपर! धार्मिक कारण? ग्रेट डिसिप्लिन!" ॲपनेही शिरीषला सोनेरी बिल्ला दिला.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. दुपारी शिरीषने नियमाप्रमाणे फोटो टाकला. साबुदाण्याची खिचडी, वर भरपूर दाण्याचं कूट, कडेला बटाट्याची भाजी, वाटीत रताळ्याचा कीस आणि ताटाबाहेर केळं.

लार्सचं उत्तर आलं.

"शिरीष, हे फास्टिंगच्या आधीचं की नंतरचं?"

"हेच फास्टिंग."

थोड्या वेळाने लार्सचा मला वेगळा मेसेज आला, "प्लीज, त्याला उपवास करू देऊ नकोस."

*

खंडेनवमीला केतकीच्या अंगात उत्साह संचारला. "आपण ज्याने काम करतो त्याची पूजा करायची असते. मग यांची नको?" म्हणून हळदकुंकू आणि पिशवीभर पिवळी शेवंती घेऊन ती क्लासला आली. झेंडू कुठे मिळाला नव्हता. तिने सगळ्या केटलबेल, म्हणजे कडीवाले लोखंडी गोळे, ओळीने मांडले, प्रत्येकाला कुंकू लावलं, फूल वाहिलं. जर्मन मंडळी गोल करून बघत होती. एका आजींनी आपल्या बुटांनाही कुंकू लावून घेतलं!

लार्सचे डोळे पाणावले. "माझ्या केटलबेलना एवढा मान आजवर कुणी दिला नाही."

शिरीषला अचानक धर्म आठवला. तो पुढे झाला आणि गंभीरपणे म्हणाला, "एक नियम आहे, लार्स. पूजा झाली की हत्यारं उद्यापर्यंत उचलायची नाहीत. आज त्यांची विश्रांती." आणि माझ्याकडे बघून त्याने डोळा मारला. त्याला घरी जाऊन मॅच बघायची होती.

"गेनाऊ! अगदी बरोबर! नियम म्हणजे नियम," लार्स म्हणाला. त्याने केटलबेलना वाकून नमस्कार केला आणि शिट्टी फुंकली. "चला, मग आज तासभर फक्त बर्पी. त्याला काहीच उचलावं लागत नाही!"

बर्पी म्हणजे जमिनीवर आडवं व्हायचं, उठायचं, उडी मारायची आणि पुन्हा आडवं व्हायचं. त्यानंतर आमच्या घरात कुणी आठवडाभर धर्माचं नाव काढलं नाही.

*

मेमध्ये अप्पा आले. शिरीषची रक्ततपासणी पुढच्याच आठवड्यात होती.

अप्पांची सगळी नोकरी पुण्याच्या मार्केट यार्डात, एका अडत्याकडे गेली. जिमची फी मी त्यांना निम्मी करून सांगितली, तरी त्यांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाले, "आणि करता काय तिथे?"

"पोती उचलतो, अप्पा. वाळूची."

"आमच्याकडे पोती उचलणाऱ्याला पैसे मिळायचे. इथे उचलणाराच देतो?"

"हो, अप्पा."

"मला बघायचंय."

म्हणून शनिवारी त्यांना घेऊन गेलो. नकली पाय लावून, काठी टेकत ते आले आणि कडेच्या लाकडी खोक्यावर ताठ बसले. त्या दिवशी नेमकी पोतीच होती. जमिनीवरून उचलायचं, खांद्यावर घ्यायचं, पलीकडे टाकायचं. एकेक जण संपवत गेला आणि नेहमीप्रमाणे शिरीष शेवटी उरला.

आता या क्लासची एक पद्धत आहे. जो शेवटी उरतो त्याच्याभोवती बाकी सगळे गोळा होतात आणि त्याचं संपेपर्यंत गळा फाटेस्तोवर ओरडतात. प्रोत्साहन म्हणून! आम्हाला त्याची सवय झालीय. अप्पांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं, की आपला पोरगा घामाने निथळत पोतं उचलतोय आणि वीसेक धटिंगण जर्मन त्याला घेरून त्याच्यावर ओरडतायत.

मी उठेपर्यंत अप्पा गर्दीत शिरलेसुद्धा. काठी आडवी धरून ते शिरीषच्या आणि लार्सच्या मध्ये उभे राहिले.

"ए! ओरडता काय त्याच्यावर? पैसे देतो ना तो तुम्हाला? ठेव रे शिऱ्या ते पोतं. चल घरी!"

मराठीतच बोलले, पण सगळ्यांना कळलं. गोदामात चिडीचूप. लार्सचा चेहरा पांढराफटक पडला.

मी शिरीषकडे बघत होते. इतके महिने तो कारण शोधत होता, आणि आज खुद्द वडील येऊन समोर उभे होते. तो आता पोतं टाकणार, हे मी धरूनच चालले.

शिरीषने पोतं टाकलं नाही. धापा टाकत म्हणाला, "अप्पा, बाजूला व्हा. अजून चार राहिलीत."

अप्पांनी त्याच्याकडे बघितलं. मग ते दोन पावलं मागे सरले, काठी टेकली आणि त्या गप्प उभ्या जर्मनांकडे वळून खेकसले,

"आता गप्प का? ओरडा की!"