साहेबाची दोन मिनिटं

मुळशीला धरणाचं काम चालू होतं तेव्हा मी तिथल्या ऑफिसात टायपिस्ट होतो. आम्ही चार जुने सोबती आजही भेटलो, की धरणाचा विषय दोन वाक्यांत संपतो आणि साहेबाचा जेवणं आटोपली तरी संपत नाही!

साहेब इंग्रज. कुणी भेटायला आलं की खिशातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचा. दोन मिनिटं झाली की, "नेक्स्ट!" समोरचा अर्ध्या वाक्यात असला तरी बाहेर.

आमचे हेडक्लार्क अप्पा म्हणायचे, "ह्याला शॉर्ट श्रिफ्ट म्हणतात." श्रिफ्ट म्हणजे पाद्र्यापुढे दिलेली पापांची कबुली. त्यांच्याकडे पूर्वी फाशीच्या कैद्याला त्यासाठी जेमतेम वेळ मिळायचा. त्यावरून, कुणाला धड ऐकून न घेता वाटेला लावलं की शॉर्ट श्रिफ्ट!

"आपण बरे," अप्पा सुपारी कातरत म्हणाले, "आपल्याला फाशी तरी नाही!"

* * *

भरे गावचे पाटील तक्रार घेऊन आले. आता, आल्या आल्या कामाचं बोलायची आपल्याकडे रीत नाही. पाटलांनी साहेबाची तब्येत विचारली, घोड्याची विचारली, विलायतेत पाऊस कसा काय ते विचारलं. "नेक्स्ट!"

पाटील खुशीत बाहेर आले. "सायेब लई भला मानूस हाय!" तक्रार सांगायची राहिली, हे त्यांना परतीच्या वाटेवर पौडात पोचल्यावर आठवलं.

* * *

अप्पा हुशार. मुलीच्या लग्नासाठी आठ दिवसांची रजा त्यांनी अर्ध्या मिनिटात मंजूर करून घेतली. मग उरलेलं दीड मिनिट साहेबाला जेवणाचा आग्रह केला. साहेब नाही म्हणाला. नाही ऐकून गप्प बसेल तो यजमान कसला? अप्पांनी आणखी आग्रह केला.

आठाचे चार दिवस झाले!

* * *

तानूबाईचं मात्र मला मनापासून वाईट वाटायचं. एकटी बाई, एकच भातखाचर. दगडाच्या गाड्यांचा रस्ता नेमका त्यातून जाणार होता आणि भात कापणीला आलेलं. तिला फक्त आठ दिवस हवे होते. दोनदा आली. दोन्ही वेळा साहेबाची आई कशी आहे हे विचारण्यातच वेळ गेला. "नेक्स्ट!"

मी म्हटलं, "बाई, आधी कामाचं बोला की!"

"इचारपूस केल्याबिगर? मी काय भीक मागाया आले व्हय, भाऊसाहेब?"

* * *

शेवटी साहेबच घोड्यावरून तिच्या खाचरावर निघाला. उद्या रस्त्याचं काम सुरू, हे सांगायला. दुभाष्या म्हणून मी मागे.

बाईनं बांधावर घोंगडी अंथरली, खाचराकडे पाठ करून साहेबाला बसवलं, गूळपाणी दिलं. साहेबानं तोंड उघडायच्या आत विचारलं, "आई कशी हाय तुमची?"

आईचं कालच पत्र आलं होतं. साहेबानं ते खिशातून काढलं. मी भाषांतर करत होतो. मग भाऊ किती, बहिणी कुठं दिल्या, घरी गाय आहे का, दूध किती देते. साहेब इतकं बोलतो हे मला ठाऊकच नव्हतं! घड्याळ खिशातच राहिलं.

मी समोर बघत होतो. साहेबाच्या पाठीमागे सगळी वाडी विळे घेऊन खाचरात उतरली होती. मी कशाला बोलतोय!

उन्हं डोक्यावर आली. शेवटचा भारा उचलला गेला. तेवढ्यात साहेबाला आठवलं. घसा खाकरून तो मोडक्या मराठीत म्हणाला, "बाई, टो रस्टा..."

तानूबाई उठली, लुगडं झटकलं आणि घोंगडीची घडी करायला लागली.

"नेक्स्ट!"