कमलाक्षीबाईंचं मधलं घर

आमची गल्ली फार सभ्य आहे. इथे कोणी कोणाच्या तोंडावर वाईट बोलत नाही, त्यासाठी अर्ज करतात. मला या गल्लीचा राग आहे आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी सांगलीहून म्हैसूरला आले तेव्हा भाड्याचं घर मिळालं ते कमलाक्षीबाईंच्या समोर. पहिल्याच दिवशी "पाणी आलंय की नाही गं तुमच्याकडे?" असं फाटकातून ऐकलं आणि मी हरखूनच गेले. बाईंचं घराणं पिढ्यान्पिढ्या इथलंच. त्यांची मराठी निम्मी कानडीत भिजलेली. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून वर्गातलाच. माया करायची तरी आधी ओरडून.

त्यांचे यजमान श्रीहरी बँकेत होते. दारूने गेले. बाई हे उघड सांगायच्या, आणि गल्लीला तेही जरा अवघडच वाटायचं.

"दवाखान्यातनं चांगले होऊनच आले होते गं ते," त्या म्हणायच्या. "घरी आले की तेच मित्र, तेच भांडण. पुन्हा सुरू. मधी थोडे महिने राहायला एक मने, एक घर पाहिजे होतं बघ. दवाखाना नव्हे, आपलं घर पण नव्हे. मधलं. अष्टे, तेवढंच."

ते मधलं घर त्यांनी आपल्याच घरात काढलं. उपचार संपवून बाहेर पडलेली माणसं तिथे राहायची, कामाला जायची, संध्याकाळी परतून आपापलं ताट घासायची. औषधं नाहीत, दारांना कुलपं नाहीत. सकाळी नाश्त्याला बसलं की काल प्यालो की नाही ते ज्याने त्याने सांगायचं. प्यायचं नाही आणि खोटं बोलायचं नाही, एवढेच नियम. आणि दुसऱ्या नियमाच्या बाबतीत बाई जास्त कडक होत्या. गल्ली त्या माणसांना 'पीजीतले लोक' म्हणायची, म्हणजे साधे पेइंग गेस्ट. खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोणी उच्चारलं नव्हतं, म्हणून सगळं सुरळीत चाललं होतं.

त्यातला भुवन पिरियापट्टणचा. तंबाखू वाळवायच्या भट्टीवर राबता राबता प्यायला लागलेला. गावी बाप आणि भाऊ दोघेही पिणारे. "परत गेलो की मी संपलो," असं तो स्वतःच म्हणायचा. इथे तो एका बेकरीत कामाला जायचा आणि बाईंच्या घरातून हलायचं नावही काढायचा नाही.

दसऱ्यात इथे घरोघरी बोंबे मांडतात, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या, सगळ्यांत वर लाकडी राजाराणी. मुलं संध्याकाळी घोळक्याने बाहुल्या बघत फिरतात आणि प्रत्येक घरात त्यांना खाऊ द्यायचा असतो. बाईंकडचा खाऊ म्हणजे भुवनची चकली. शेजारच्या हरिणीची मुलगी अन्विता तर "भुवनण्णा, आणखी एक" करत स्वयंपाकघरापर्यंत घुसायची. ज्याला गावात कोणी दारात उभं करत नव्हतं, त्या माणसाच्या तोंडावर त्या वेळी काय दिसायचं ते मी पाहिलेलं आहे.

मग जिल्ह्यात कुठेतरी, व्यसनमुक्तीच्याच नावाखाली चालवलेल्या एका ठिकाणी माणसांना साखळीने बांधून ठेवल्याचं उघडकीला आलं. एक जण मेला होता. त्यानंतर अशा सगळ्या घरांना परवाना सक्तीचा झाला. बाईंना ते पटलंच.

"बरोबर आहे की. आत कोण काय करतात, कुणीतरी बघायलाच पाहिजे."

परवान्याच्या ऑफिसातून विक्रांत नावाचा अधिकारी आला. खोल्या पाहिल्या, माणसांशी बोलला, कॉफी प्याला. जाताना हळूच म्हणाला, "अम्मा, पीजी म्हणून लिहा. लगेच मिळेल परवाना. खरं लिहिलंत तर मला शेजाऱ्यांच्या हरकती मागवाव्या लागतील."

"काकू, लिहून टाका ना पीजी," मीही म्हटलं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की कॉपी करताना सापडल्यासारखं झालं.

"रोज सकाळी त्यांना खरं बोला म्हणून सांगते मी. आणि मीच खोटं लिहू? बेडा."

नको म्हणजे नको. आणि बाईंना गल्लीची भीती कसली? त्यांच्याकडे बोंबे होते. जुन्या घरांतला समज असा की बोंब्यांसमोर कुंकू लावून घेतलं की त्या घराला कोणी नाही म्हणत नाही. दुर्गाष्टमीला त्यांनी सगळ्या गल्लीला बोलावलं. कुंकू, गजरे, कोसंबरी, चकली. मग बाहुल्यांच्या पुढ्यात उभं राहून आपल्या एकेका माणसाचं नाव सांगितलं आणि तो इथे का राहतो तेही सांगितलं. भुवन चकलीचं ताट धरून उभा होता. मान वर होती.

"आता हरकत कुणाची असली तर इथेच सांगा," बाई म्हणाल्या.

कोणाचीच नव्हती. हरिणीच्या डोळ्यांत तर पाणी आलं. "आंटी, तुम्ही ग्रेट आहात, रियली," म्हणाली, आणि निघताना उरलेल्या चकल्या पिशवीत भरून घेऊन गेली.

दसरा उलटला आणि हरकतीचा अर्ज ऑफिसात पोचला. एकच, सगळ्या गल्लीचा. फक्त आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. 'सदर घरात व्यसनी पुरुष राहत असून ते लहान मुलांना खाऊचे आमिष दाखवून आत बोलावतात.' पहिली सही हरिणीच्या नवऱ्याची, सुधींद्रची. खाली हरिणीची. आमिष म्हणे! चकल्या संपल्यावर तरी लिहिलं असेल का, की खाता खाताच, एवढंच मला त्या बाईला विचारायचं होतं.

हाच सुधींद्र दर शनिवारी कोपऱ्यावरच्या बारमध्ये बसतो. त्या बारचा परवाना काचेच्या चौकटीत टांगलेला आहे, रोज त्याला अगरबत्ती ओवाळतात. त्यावर हरकत घ्यायला आमची गल्ली कधी गेली नाही.

सुनावणीत विक्रांत मान खाली घालून बसला होता. "अम्मा, मी सांगितलं होतं तुम्हाला." परवाना नाकारला गेला. माणसं एकेक करून निघाली. भुवनसाठी बाईंनी खोली शोधली, पण तोवर गल्लीचा अर्ज सगळ्या भागात पोचलेला होता, कोण देणार? शेवटच्या दिवशी त्याने चकलीचा सोऱ्या धुतला, पुसला, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला आणि पिरियापट्टणची बस धरली. बाई फाटकात उभ्या राहून त्याला ओरडत होत्या, वेळेवर जेव म्हणून.

पुढच्या दसऱ्याच्या तोंडावर आम्ही दोघी भाजी घेऊन येत होतो. बारच्या पायरीवर भुवन बसला होता. बाईंना बघून धडपडत उठला.

"कधी आलास रे? घरी का नाही आलास?"

तो कानडीत बोलला, नेहमीसारखाच अदबीने. "अम्मा, तिथे मला ठेवून घ्यायला तुम्हाला परवाना लागतो. इथे मला कोणी उठवत नाही."



त्या वर्षी त्यांनी बोंबे मांडले नाहीत. संध्याकाळी मुलांचा घोळका आला, पुढे अन्विता, मागे रेशमी साडीत हरिणी. मी बाईंजवळच उभी होते.

"आंटी, ह्या वर्षी बोंबे नाहीत?" हरिणी हसत म्हणाली. "अन्विता चकली, चकली करून जीव खाते माझा."

बाईंनी वाकून अन्विताच्या गालावरून हात फिरवला. "नाही गं पुट्टी, ह्या वर्षी नाही." मग ताठ उभ्या राहिल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात हरिणीला म्हणाल्या, "चकली करणारा कोपऱ्यावर बसलाय. बारच्या पायरीवर. घेऊन जा पोरीला, आणि माग त्याच्याकडे."